बिनकाठाचे पांढरे लुगडे

मी, रुख्मिणी, प्रभूमध्ये निजलेले ईश्वरदास पॉइंटमन यांची विधवा, धर्म ख्रिस्ती, धंदा शिवणकाम, राहणार गोंदिया, रेल्वेफाटकाच्या अलीकडे गिरजाघराजवळ, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, आज सोमवार ता. २० नोव्हेंबर १९४४ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला बसले आहे. वय पन्नाशीच्या आसपास. नक्की सांगता येत नाही, कारण ते सांगू शकणारी माणसे सन १९०० च्या दुष्काळात गेली आणि अनाथालयात मडमबाईंनी माझे दात पाहून अंदाजाने आकडा घातला. छातीचा आजार आहे. विहिरीपर्यंत जायचे तर वाटेत बसावे लागते. डोके मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंकडे मी तसा दाखला मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, डोक्याचा देते, जिभेचा देणार नाही. तो दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दडपणाने किंवा कोणाच्या गोड बोलण्याला भुलून मी हे लिहीत नाही. माझ्याशी गोड बोलणारे आता फारसे कोणी उरलेले नाही.

कलम १. माझा आत्मा ज्याने दिला त्याच्या हाती. देह गिरजामागच्या कबरस्थानात माझ्या यजमानांच्या उजव्या बाजूला ठेवावा. त्यांच्या डाव्या बाजूची जागा मोकळी आहे, ती मोकळीच राहू द्यावी. शामकलाला तेथे पुरू नये.

शामकला कोण हे पुढे वाचणाऱ्याला कळावे म्हणून लिहिते. माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहणारी, मिशनच्या बालवर्गाची मास्तरीण, लग्न न केलेली. दुष्काळात मी ज्या बैलगाडीतून अनाथालयात आले त्याच गाडीतून ती आली, आणि तेव्हापासून आजतागायत माझी पाठ तिने सोडलेली नाही. अनाथालयात तिची चटई माझ्या चटईला लागून. शाळेत बाक एक. मी लग्न होऊन गोंदियाला आले, तर वर्ष फिरले नाही तोच ही बालवर्गाची नोकरी मागून घेऊन माझ्या मागोमाग गोंदियात हजर. राजनांदगावच्या एका चांगल्या कंपाउंडरचे मागणे तिला आले होते. मी गोंदिया सोडत नाही, असे सांगून तिने ते परत केले. गोंदियात एवढे जीव अडकण्यासारखे काय आहे, हे मला कोणी सांगितले नाही. मी माझ्यापुरता तर्क केला आणि यजमानांच्या जेवणाच्या वेळी तिला घरात घेणे बंद केले.

कलम २. राहते घर, दोन खोल्या, मागची खोली, परसातले सीताफळाचे झाड आणि विहिरीचा अर्धा हक्क, हे सर्व यजमानांचा पुतण्या भोजराज याला मिळावे. भोजराज आळशी आहे, पण रक्ताचा आहे. शामकलाने मागची खोली एक महिन्यात रिकामी करून द्यावी. ती कोठे जाईल हा विचार तिच्या देवाने करावा. तो तिचा आजवर फार विचार करीत आलेला आहे.

कलम ३. शिलाईची मशीन दुर्पता हिला द्यावी. दुर्पता ही शेजारच्या उदारामची सून, हाताने स्वच्छ, टीप सरळ घालते. मशीनला पावसाळ्यात दमट लागू देऊ नये. कंट्रोलच्या दुकानातल्या जाड कापडाला सुई बदलावी. शामकलाने मशीनला हात लावू नये. मागे एकदा माझ्या आजारपणात मला मदत म्हणून तिने शाळेच्या पोरांच्या चड्ड्या शिवल्या आणि सगळ्यांचे खिसे आतल्या बाजूला निघाले. पोरांना तेच आवडले. मास्तरीणबाईंचे खिसे म्हणून ती पोरे गावभर उड्या मारीत होती. मी जन्मभर सरळ खिसे लावले, त्यांचे कोणी नाव घेतले नाही.

कलम ४. पोस्टात जे काही असेल त्यातून मयताची पेटी, कबर आणि मंडळीला चहा. उरेल ते गिरजाच्या छपराला. चहा शामकलाने करू नये. ती साखर हात सोडून घालते आणि मग लोक मयताला विसरून चहाची तारीफ करतात.

कलम ५. हे कलम मिळकतीचे नाही, पण माझ्याजवळ जे आहे त्यात सगळ्यांत जड हेच आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत धान कापून झाले की उपकारस्तुतीचा रविवार पाळतात. गिरजाच्या आवारात मोहाच्या झाडाखाली दगडांचा ढीग आहे. वाईट दिवसांत देवाने ज्याला सोडवले त्याने नाल्यातून दगड आणून तेथे ठेवायचा, चुन्याने त्यावर आपली खूण करायची, आणि दरवर्षी त्या रविवारी दगडावर हात ठेवून देवाने आपल्याला काय साहाय्य केले ते सर्वांसमोर सांगायचे. याला साक्ष म्हणतात. पहिल्या पाळकांनी नियम घालून दिला तो आजही चालतो. दगडावर साक्ष एकदा सांगितली की दरवर्षी त्याच शब्दांत सांगायची, शब्द वाढवायचा नाही आणि गाळायचा नाही. गाडीवान दुधरामच्या आजोबांना न खाता निघून गेलेले अस्वल त्यांच्या साक्षीत दरवर्षी वाढत चालले होते, म्हणून हा नियम.

माझेही दगड तेथे आहेत. यजमान रुळांचा सांधा बदलताना इंजिनाखाली जाता जाता वाचले, त्याचा एक. पटकीची साथ आमच्या दारावरून गेली आणि आत आली नाही, त्याचा एक. मी साक्ष देते, लोक ऐकून घेतात. उदाराम जांभई देतो. माझे यजमान, ज्यांचा स्वतःचा जीव वाचला होता ते, माझ्या साक्षीला डुलक्या घेत.

आणि मग शामकला उठते. तिची साक्ष अशी आहे. आता ती पोरांनासुद्धा पाठ आहे: “दुष्काळात मी कामठ्याच्या वाटेवर एकटी पडले होते. माझे मायबाप मेले होते. उजाडता उजाडता पांढरे वस्त्र ल्यालेला देवाचा दूत माझ्यापाशी आला. त्याच्या वस्त्राला कोठे काठ नव्हता. त्याने माझ्या हातावर मूठभर मोहफुले ठेवली आणि तो उजेडात निघून गेला. मी ती खाल्ली आणि जगले. देवाचा उपकार असो.”

एवढेच. पण ती हे सांगते तेव्हा साऱ्या आवारात पान हलत नाही. बायका पदर डोळ्यांना लावतात. माझे यजमान खिशातून रुमाल काढीत, आणि तो रुमाल मी शिवलेला असे. पाळक पतिरामजी म्हणतात, इस्राएल लोकांना रानात मन्ना मिळाला आणि आपल्या मुलखातल्या लेकराला मोह मिळाला, प्रभू ज्याचे त्याला ओळखीचे अन्न पाठवतो. वस्त्राला काठ नव्हता यावर तर त्यांनी एकदा पूर्ण उपदेश केला, की स्वर्गातल्या वस्त्राला सुरुवात नसते आणि शेवट नसतो.

काठ का नव्हता ते मी सांगते. काठाला लागणारे लाल सूत मिळाले नव्हते.

माझे वडील कामठ्याजवळ लुगडी विणीत. दुष्काळात लुगडे घेणार कोण? शेवटचे मागावर होते तेव्हा लाल सूत संपले आणि उधार द्यायला कोणी तयार होईना. वडिलांनी ते तसेच पांढरे, बिनकाठाचे उतरवले, आणि लगेच तापाने गेले. आई ते नेसली. माझ्या आईचे नाव फुलवंता. हे नाव गोंदियात कोणालाही माहीत नाही. ती मला घेऊन अन्नछत्राच्या वाटेला लागली. पदराच्या टोकाला तिने मूठभर मोहफुले गाठ मारून ठेवली होती. संध्याकाळी मी ती मागितली, तर म्हणाली, “आता नाई माय, उद्या सकारी.” मी झोपले. उठले तेव्हा ऊन वर आले होते, आई नव्हती, आणि पदराचे ते टोक फाडून माझ्या डोक्यावर सावलीला घातलेले होते. गाठ सुटलेली. मोहाचा वास येत होता, फूल एकही नव्हते. उशाशी एक अनोळखी पोरगी बसली होती. थोड्या वेळाने मिशनची बैलगाडी आली आणि आम्हा दोघींना उचलून घेऊन गेली. आई तलावाच्या पाळीवर सापडली, असे गाडीवाल्याने मागाहून सांगितले. पाण्याला गेली असावी.

तेव्हा मला आईचा राग आला होता, की मला न ठेवता एकटीने खाल्ले. मोठी होता होता त्याच गोष्टीचा आधार वाटू लागला. आई निदान तोंडात काहीतरी घालून गेली. अनाथालयात दुष्काळाचे बोलायचे नाही असा रिवाज होता, म्हणून मी कोणाला विचारले नाही आणि मला कोणी सांगितले नाही. गोंदियाला आल्यावर शामकलाने पहिल्या उपकारस्तुतीला दगडावर हात ठेवला आणि बिनकाठाचे वस्त्र म्हटले, त्या क्षणी मला कळले की आई उपाशीच गेली, आणि तिची मूठ कोणाच्या पोटात गेली.

तेव्हापासून दरवर्षी मी ती साक्ष ऐकत आले आहे. माझी आई तिच्या दगडावर. माझ्या आईचे मरण तिच्या उपकारस्तुतीत. मी उठून सांगायला हवे होते, असे वाचणारा म्हणेल. सांगितले असते तर काय झाले असते? लोक आणखी रडले असते, आणि तेही तिच्याकडे पाहून. आई माझी होती. ती कोणाला न सांगता तेवढी तरी माझ्याकडे राहिली. देवाने शामकलाला वाचवले याचे मला दुःख नाही. माझी तक्रार देवाकडे एवढीच आहे की मोह देणारी माझी आई, जगली शामकला, वाहवा तिची, आणि माझ्या वाट्याला पटकी न झाल्याची साक्ष.

कलम ६. मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली, पांढऱ्या कापडाचा तुकडा आहे. तो माझ्याबरोबर पेटीत ठेवावा. पेटी बंद होईपर्यंत तो कोणाला दाखवू नये. शामकलाला तर नाहीच.

येथवर सोमवारी लिहिले. साक्षीदारांना शनिवारी बोलावले होते. पण मध्ये बुधवार आला, त्यामुळे पुढचा मजकूर लिहावा लागत आहे. मागचे खोडत नाही. शामकलाने ते वाचावे आणि मी काय करणार होते ते तिला कळावे.

बुधवारी दिवेलागणीला ती नेहमीप्रमाणे पेज घेऊन आली. मला बोलायचे नव्हते. तिने खाट झटकली, माझ्या पाठीशी उशी लावली आणि म्हणाली, “येत्या उपकारस्तुतीले तुले गाडीत घालून नेतो, रुखमा. माही साक्ष आयकजो. पुढच्या साली कोन राहीन, कोन नाई.”

मग माझ्याने राहवले नाही. अनाथालयाने शिकवलेले शुद्ध बोलणे माझ्या तोंडातून कोठे गेले कोण जाणे. मी म्हणाले, “तुह्या साक्षीचं नाव काढू नोको माह्यासमोर. तो देवदूत नव्हता. माही माय होती ते. फुलवंता नाव होतं तिचं. लाल सूत भेटलं नाई म्हून लुगडं बिनकाठाचं होतं!” आणि खणातला तुकडा काढून मी तिच्या अंगावर फेकला.

तिने तो उचलला. किनारीवरून बोट फिरवले, जेथे काठ असायला हवा होता तेथे. मला वाटले आता रडेल, आणि तिचे रडणे पाहण्याची मी मनाशी तयारी केली. पण ती रडली नाही. म्हणाली, “मंग ते खरंच म्हणाली होती.”

“काय म्हणाली होती?”

“माही पोरगी.”

मी विचारले, कोण, कोणाला. ती खाटेच्या कडेवर बसली आणि सांगू लागली. पांढऱ्या वस्त्रातल्या त्या बाईने तिच्या हातावर मोह ठेवला, आणि ती खाऊ लागल्यावर झाडाखाली बोट दाखवून म्हणाली, “ते माही पोरगी निजली आहे. तिले उठवू नोको. मी पानी पाहून येतो. तू तिच्यापाशी बस. तिले एकटी सोडू नोको, माय.”

“मंग साक्षीत काऊन नाई सांगितलं तू हे, इतके साल?” मी ओरडलेच असेन, कारण भिंतीपलीकडे उदारामचे कुत्रे भुंकू लागले.

“अनाथालयात मडमबाईले सांगितलं होतं ना. ते हासली. म्हणाली, देवदूतांची लग्नं होत नाईत, त्यांले पोरी कोठून राहतीन? तू सपन पाहिलं असशीन, तेवढं सोडून बाकीचं सांग. मी लहान होती. मी सोडलं. मंग एकदा दगडावर सांगितलं, त्यात शब्द वाढवता येते का?”

“आन् तू बसली माह्यापाशी.”

“सांगितलं होतं ना तिनं,” शामकला म्हणाली. “उठ कोनी म्हणालंच नाई.”

मी तिला राजनांदगावच्या कंपाउंडरचे विचारले. ती म्हणाली, “कायले जाऊ? तू इथंच होती.” एवढे बोलून तिने पेज पुढे केली आणि निवून राहिली आहे म्हणाली. मी प्यायले. मीठ बरोबर होते.

मला राग आला आहे. तो कोणाचा, हे मी गुरुवारी दिवसभर शोधत होते. मडमबाई मरून गेल्या, चांगल्या होत्या, त्यांनी फ्रॉक शिवायला मला शिकवले. नियम करणारे पाळक मरून गेले. दुधरामच्या आजोबांचे अस्वलही गेले. शामकलाने एकदा, एकाच वेळेला, खासगीत, विहिरीवर मला हे सांगितले असते तर काय बिघडले असते? पण ती मला सांगणार कशी? मी तिला विहिरीवर कधी नीट बोलू दिले होते?

देवाने मला वाईट दिवसांत काय साहाय्य केले, असे कोणी मला आता विचारले तर पटकी आणि इंजिन मी मागे ठेवीन. ते साहाय्य रोज पेजेचे भांडे घेऊन माझ्या दारात उभे होते, आणि मी त्याला भांडे ठेव आणि दार लाव असे सांगत होते. आईजवळ एकच मूठ होती. मला दिली असती तर मी दुपारपर्यंत पुरवली असती. तिने ती दुसरीच्या हातावर ठेवली आणि मला जन्माची पुरवली. हे मी लिहिले आहे, पण शामकलाने ते मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवू नये.

तरी आता असे ठरवते:

कलम २ रद्द. घर, मागची खोली, सीताफळ आणि विहिरीचा हक्क शामकलाला. भोजराजला सीताफळे हंगामात एक टोपली. तिच्या पश्चात घर मंडळीचे.

कलम १ मध्ये एवढा बदल. शामकलाला माझ्या उजव्या बाजूला पुरावे. यजमानांच्या डाव्या बाजूची जागा मोकळी राहील ती राहीलच. मधे मी.

कलम ३ आणि ४ आहेत तसे. मशीनला तिने हात लावायचा नाही. चहा तिने केला तर माझी हरकत नाही, पण साखर दुर्पताने घालावी.

कलम ६ मधला तुकडा मी काल मशीनवर ठेवून मधोमध कापला. कडा उसवू नयेत म्हणून दुमडून टीप घातली. अर्धा माझ्या पेटीत, अर्धा शामकलाच्या. काठ लावलेला नाही.

शेवटचे कलम. आई फुलवंता हिच्या नावाने ढिगावर नवीन दगड ठेवावा. दुधरामकडून तो नाल्यातून गाडीवर घालून आणवला आहे आणि सध्या परसात आहे. शामकलाच्या दगडापेक्षा तो मोठा आहे, हे मी पाहून घेतले. नवीन दगडाला नवीन साक्ष लागते, त्यामुळे नियम कोठे मोडत नाही. येत्या उपकारस्तुतीला मी असले तरी आणि नसले तरी त्यावर पहिला हात शामकलाने ठेवावा आणि आईचे सगळे बोलणे एकही शब्द न गाळता, आईच्या बोलीत, नाव घेऊन सांगावे. शामकला आज साक्षीदारांबरोबर सही करायला बसली होती. मी तिला सांगितले, ज्याला मिळकत मिळते त्याने सही केली तर त्याचे मिळणे जाते. ती म्हणाली, जाऊ दे, दौत इकडे कर. मी दौत मांडीखाली घेतली.

साक्ष तिनेच द्यायची, कारण शब्द तिने ऐकले. माझ्या आईचे शेवटचे शब्द तिच्या कानात आहेत, माझ्या कानात नाहीत. मी झोपले होते. याचा हेवा मला आज आहे, हे लिहिताना आहे, आणि प्रभूसमोर उभी राहीन तेव्हाही असेल. तेथे सर्वांच्या आधी मी आईला शोधणार आहे, आणि तिला पहिले एवढेच विचारणार आहे, की मला का उठवले नाहीस.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मी वाचला आणि साक्षीदारांसमोर खाली सही केली.

रुख्मिणी ईश्वरदास

आमच्या समक्ष बाईंनी सही केली. बाई शुद्धीवर होत्या आणि आम्हाला नीट बसा म्हणून दोनदा बोलल्या.

साक्षीदार:
१. उदाराम, राहणार गोंदिया, सही
२. दुधराम, गाडीवान, राहणार गोंदिया, डाव्या हाताचा अंगठा

स्थळ: गोंदिया
शनिवार, ता. २५ नोव्हेंबर १९४४